जंगलचा राजा गोराच का?

आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ या अमेरिकन मासिकात एडगर राइस बरोज यांनी टारझनची पहिली कथा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातल्या आफ्रिकन अरण्यात वाघ होता. चूक लक्षात आणून दिली गेली आणि १९१४ साली पुस्तक निघताना त्या वाघाची सिंहीण झाली. बरोज यांनी आयुष्यात कधी आफ्रिकेत पाऊल टाकले नव्हते. तरीही शंभराहून अधिक वर्षे जगातील कोट्यवधी माणसांच्या मनात ‘जंगल’ या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते, ते याच गृहस्थांनी रेखाटलेले आहे. वाघाची दुरुस्ती झाली. त्या अरण्यात राहणाऱ्या माणसाच्या चित्राची दुरुस्ती मात्र आजतागायत झालेली नाही.

करमणुकीसाठी काढलेल्या चित्रपटांवर इतका खल कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच अंगणात आहे. आपल्या शहरांतील शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘आदिवासी नृत्य’ नावाचा एक प्रकार असतो. गोऱ्यागोमट्या मुलांच्या तोंडाला काळा रंग फासायचा, कमरेला पाने गुंडाळायची, हाती पुठ्ठ्याचा भाला द्यायचा आणि ‘झिंगालाला’ असे काहीतरी ओरडत त्यांना गोल फिरवायचे. पालक कौतुकाने छायाचित्रे घेतात. आता विचारा : हा वेष महाराष्ट्रातील कोणत्या जमातीचा? वारल्यांचा? कोकणांचा? भिल्लांचा? माडियांचा? कोणाचाच नाही. तो चित्रपटातून उचललेला आहे, चित्रपटाने तो परदेशी चित्रपटातून उचलला आणि परदेशी चित्रपटाने आफ्रिका न पाहिलेल्या एका माणसाच्या कल्पनेतून. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवटे आणि वारल्यांचा तारपा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर असताना आपण मुलांना शिकवतो तो हॉलिवूडचा ‘जंगली’. हा प्रश्न म्हणूनच निव्वळ करमणुकीचा राहत नाही.

प्रेमाची पूर्वअट

जंगलातील साहसपटांचा सांगाडा ठरलेला असतो. शहरातून एक तुकडी रानात शिरते. तिला हस्तिदंत, हिरे, खजिना किंवा एखादा विलक्षण प्राणी हवा असतो. तुकडीत एक तरुणी असते. रानात तिला एक बलदंड, निष्पाप पुरुष भेटतो. दोन संस्कृतींची टक्कर होते, टकरीतून प्रेम जमते. स्थानिक लोक ओझी वाहतात, ढोल बडवतात, नायिकेला पळवून बळी द्यायला निघतात आणि शेवटी पळ काढतात.

१९३२ चा मेट्रो-गोल्डविन-मेयरचा ‘टारझन द एप मॅन’ हा या सांगाड्याचा आदर्श नमुना. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवणारा जॉनी वाइसमुलर त्यात टारझन होता, तर मॉरीन ओसलिव्हन जेन. हत्तींची दफनभूमी शोधून हस्तिदंत मिळवायला निघालेली गोऱ्यांची तुकडी हे कथेचे निमित्त. गंमत अशी की, पडद्यावर ‘आफ्रिकन’ म्हणून वावरणारे हत्ती आपल्याकडचे, म्हणजे आशियाई होते; त्यांना मोठे खोटे कान बांधले होते. ज्या चित्रपटात हत्तीचे कानसुद्धा खरे नाहीत, त्यातील माणसे खरी कशी असणार?

परंतु खरा प्रश्न हत्तींचा नाही, प्रेमाचा आहे. जेन ज्याच्यावर भाळते तो रानातला पुरुष कोण? मूळ कथेत तो लॉर्ड ग्रेस्टोक, म्हणजे इंग्लंडमधील उमरावाचा मुलगा आहे. वानरांनी वाढवला असला, तरी त्याचे रक्त सरदार घराण्याचे आहे. ते तसे असणे लेखकाला आवश्यकच होते. अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, तिथल्या प्रत्येक पानाफुलाला नाव देणारे हजारो आफ्रिकन तरुण होते. त्यांपैकी एकही प्रेमाला पात्र ठरत नाही. पात्र ठरतो तो रानात हरवलेला इंग्रज. अमेरिकन चित्रपट-उद्योगाने १९३० साली स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध दाखवण्यास स्पष्ट मनाई होती. म्हणजे ज्याला आपण रानातील मुक्त, स्वच्छंद प्रणय समजून पाहत आलो, त्याच्या पायाशी वर्णभेदाची लेखी अट होती. रानही गोऱ्याचे, राणीही गोऱ्याची, आणि ज्यांचे रान त्यांनी फक्त ढोल वाजवायचे!

पुढे काळ बदलला. काळ्या माणसाला हीन दाखवणे उघडपणे शोभेना. तेव्हा १९९९ साली डिस्नेने टारझनचा जो सचेतपट काढला, त्यात एक सोपा उपाय केला : आफ्रिकेच्या अरण्यातील त्या कथेत एकही आफ्रिकन माणूस ठेवला नाही. अपमान टाळण्यासाठी माणसालाच वगळणे, हा अपमानाचाच सुधारलेला प्रकार होय.

मोगलीचे माणूसपण

हे झाले आफ्रिकेचे. आपल्या रानाचे काय केले गेले?

मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी १८९४ मध्ये ‘द जंगल बुक’ प्रसिद्ध केले. सिवनीच्या रानातील मोगली त्यामुळे जगभर पोहोचला. आपल्या घरोघरी मोगली आवडतो आणि त्यात गैर काही नाही. पण या मोगलीचे पुढे काय होते, हे फार थोड्यांना माहीत असते. किपलिंग यांनीच १८९३ च्या एका कथासंग्रहात मोठा झालेला मोगली रंगवला आहे. तिथे तो ब्रिटिश सरकारच्या वनखात्यात रखवालदार होतो. दरमहा पगार, अखेरीस निवृत्तिवेतन, आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या खानसाम्याच्या मुलीशी विवाह! लांडग्यांचा लाडका, रानाचा स्वामी शेवटी साहेबाचा नोकर. ज्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक म्हणून १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस या जर्मन माणसाची नेमणूक झाली, ज्या खात्याच्या हाती १८७८ च्या कायद्याने देशातील अरण्ये गेली आणि पिढीजात वनवासी स्वतःच्याच रानात चोर ठरला, त्याच खात्याचा पट्टा मोगलीच्या कमरेला बांधला गेला. कथेच्या ओघात लेखकाने साम्राज्याचे मनोगत सांगून टाकले.

१९९४ साली डिस्नेने स्टीफन सॉमर्स यांच्या दिग्दर्शनाखाली हा विषय जिवंत नटांसह पडद्यावर आणला. त्यात मोगली तरुण आहे आणि इंग्रज कर्नलची कन्या किटी हिच्यावर त्याचे प्रेम आहे. चित्रपट काही बाबतींत सहानुभूतीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यातील खलनायक एक इंग्रज कप्तान आहे आणि सुसंस्कृत म्हणवणाराच खरा रानटी, असे तो सुचवतो. परंतु मोगली किटीच्या योग्यतेचा होतो केव्हा? इंग्रजी बोलू लागतो, साहेबी कपडे घालतो, मेजवानीच्या दालनात उभा राहतो तेव्हा. त्याच्या माणूसपणाचे प्रमाणपत्र साहेबाच्या बंगल्यातून मिळते. भोवतालचे भारतीय मात्र बहुतेक लुटारू, वाटाडे किंवा गर्दी. आणि मोगलीच्या भूमिकेसाठीही भारतीय तरुण न निवडता अमेरिकन नट निवडला गेला.

यापूर्वी एका भारतीय मुलाने हॉलिवूड गाजवले होते. म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’मधून जगापुढे आला आणि १९४२ च्या चित्रपटात मोगली झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकेच्या हवाई दलात बाँबफेकी विमानाचा तोफची म्हणून काम केले. पराक्रमात कमी नव्हता, लोकप्रियतेत नव्हता. पण ‘अरेबियन नाइट्स’, ‘व्हाइट सॅव्हेज’, ‘कोब्रा वूमन’ या चित्रपटांत नायिका मारिया मॉन्टेझ, तिचा प्रियकर जॉन हॉल आणि साबू त्यांचा चलाख सोबती, अशीच वाटणी राहिली. प्रेम करण्याचा अधिकार कोणाला, हे पडदा न बोलता सांगत होता.

पंकोटचे ताट आणि पुण्याचे नाव

याच परंपरेचा कळस म्हणजे १९८४ चा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’. कथा १९३५ च्या भारतात घडते. पंकोट नावाच्या काल्पनिक राजवाड्यातील मेजवानीत जिवंत सापाची पिले, डोळ्यांचे सूप आणि माकडाचा मेंदू वाढला जातो. तळघरात कालीपुढे जिवंत माणसाचे हृदय उपटले जाते. या सगळ्याच्या मधून नायक आणि त्याची गायिका प्रेयसी यांचा लटका प्रणय चालू असतो. नायिकेच्या किंकाळ्या आणि आपल्या देवीची मूर्ती हे त्या प्रणयाचे नेपथ्य.

ठगांचा बंदोबस्त स्लीमन यांनी १८३० च्या दशकात केला होता. चित्रपटाने त्यांना शंभर वर्षांनी पुन्हा उठवले. ठगांवरचा आरोपही गळा आवळून लुटण्याचा होता, हृदय उपटण्याचा नव्हे. भारत सरकारने संहितेत बदल सुचवले, निर्मात्यांनी ते मानले नाहीत आणि चित्रीकरण श्रीलंकेत झाले. आपल्याकडे काही काळ या चित्रपटावर बंदीही होती. बंदीने अपमान पुसला जात नाही, हे खरे. पण सरकारने त्या वेळी प्रश्न विचारला, हे नोंदवले पाहिजे. सर्वांत बोचरी गोष्ट शेवटी आहे. नायक-नायिकेला संकटातून सोडवायला जी पलटण येते तिला पुण्याचे नाव आहे आणि तिचा कप्तान इंग्रज आहे. ज्या पुण्याने साम्राज्याला हादरे दिले, त्याच पुण्याचे नाव साम्राज्याच्या तारणहार पलटणीला!

नक्कलेचे आपले शतक

एवढे सगळे परक्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. होमी वाडिया यांचा ‘तूफानी टारझन’ १९३७ सालीच मुंबईत तयार झाला. १९५८ चा ‘झिम्बो’, १९६५ चे दारासिंगांचे टारझनपट आणि १९८५ चा ‘ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन’ ही त्याचीच पुढची पिलावळ. देश स्वतंत्र झाला. पडद्यावरचे रान स्वतंत्र झाले नाही. वाघ, हत्ती, भिल्ल, गोंड, संथाळ, मुंडा हे सारे ज्या भूमीत आहे, त्या भूमीतील निर्मात्यांना नायक मात्र उसना घ्यावा लागला. १९८५ च्या चित्रपटात तर रान हे नायिकेच्या ओल्या वस्त्रांचे निमित्त तेवढे उरले. तिथल्या जमाती कोणत्या, त्यांची भाषा कोणती, देव कोणते, हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२२ च्या ‘आरआरआर’ला आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातील अनेक टाळ्या योग्यच होत्या. गोंड वीर कुमरम भीम आणि अल्लुरी सीताराम राजू यांची नावे त्यामुळे घराघरांत गेली. गोरी युवती गोंड तरुणावर भाळते, म्हणजे टारझनची जुनी अटही तिथे मोडली. चित्रपट काल्पनिक असल्याचे निर्मात्यांनी लपवले नाही. तरीही कौतुकाबरोबर काही प्रश्न विचारणे हे जाणत्या प्रेक्षकाचे कर्तव्य आहे.

इतिहासातील भीम लढला तो निजामाच्या राजवटीशी, जंगल आणि जमीन यांवरील गोंडांच्या हक्कासाठी. १९४० साली जोडेघाट येथे तो धारातीर्थी पडला. चित्रपटात शत्रू बदलला, रणभूमी दिल्लीला गेली. त्याची पत्नी सोमबाई कथेत नाही; तिच्या जागी इंग्रज गव्हर्नरच्या घरातील जेनी आहे. गोंड वीराच्या जीवनात प्रेम दाखवायचे तर ते गोंड स्त्रीशी का दाखवता येऊ नये? रानातील प्रेम पडद्यावर शोभण्यासाठी एक टोक बंगल्यात असावेच लागते काय? शेवटी भीम आपल्या मित्राकडे काय मागतो? शिक्षण. आणि ‘जल, जंगल, जमीन’ ही त्याचीच घोषणा दुसऱ्याच्या हाताने निशाणावर लिहिली जाते. भीमाच्या चरित्रकथा मात्र सांगतात की, तो चंद्रपूरला आला होता, विठोबा नावाच्या गृहस्थांच्या छापखान्यात राहिला होता आणि तिथे अनेक भाषा वाचायला-बोलायला शिकला होता. म्हणजे ज्याने आपल्या विदर्भात छापखान्याची शाई हाताला लावून घेतली, त्याला पडद्यावर निरक्षर भाबडा करून दाखवले गेले. हा हेतुपुरस्सर अपमान आहे, असे आम्ही म्हणत नाही. सवय आहे, असे म्हणतो. वनवासी बलवान असू शकतो, निष्पाप असू शकतो. पण विचार करणारा असू शकतो, हे आपल्या कल्पनेला अजून पेलत नाही.

अरण्याकडे पाहण्याची आपली दृष्टी

‘जंगल’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला. त्याचे मूळ ‘जांगल’. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, निरोगी प्रदेश. तोच शब्द साहेबाच्या तोंडी घनदाट, दमट, भयानक झाला. शब्दाचा अर्थ उलटला, तशी दृष्टीही उलटली. आपल्या परंपरेत अरण्य हे संस्कृतीचे विरुद्ध टोक नव्हते. वेदवाङ्मयाच्या एका भागाचे नावच आरण्यके आहे. चार आश्रमांतील एक आश्रम वनाच्या नावाने ओळखला जातो.

नगर आणि अरण्य यांच्यातील प्रेमकथा आपल्याकडेही आहेत. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमकन्येला राजा भेटतो. तिथे चुकतो कोण? रानातली मुलगी नव्हे, राजधानीतला राजा. विसर पडतो तो सिंहासनाला, आणि पश्चात्तापानंतर राजाला स्वतःच्या मुलाची भेट होते तीही आश्रमातच, तो सिंहाच्या छाव्याशी खेळत असताना. महाभारतात भीमाने हिडिंबेशी विवाह केला तो कुंतीच्या संमतीने, आणि त्यांचा पुत्र घटोत्कच कुरुक्षेत्रावर पांडवांच्या बाजूने लढून मरण पावला. अर्जुनाच्या जीवनात नागकन्या उलूपी आहे.

येथे प्रतिपक्ष म्हणेल की, याच महाभारतात हिडिंबेला राक्षसी म्हटले आहे, तिला हस्तिनापुरात राणीचे स्थान मिळाले नाही आणि खांडववन जाळून नागांना बेघर करण्यात आले. आक्षेप खोटा नाही. त्याला बगल देण्याचे कारणही नाही. आपल्या पूर्वजांनी हे दुःख लपवले नाही, काव्यात नोंदवून ठेवले. तक्षकाचे वैर पुढे परीक्षितापर्यंत पोहोचले, याचीही नोंद केली. रानावर केलेल्या अन्यायाची किंमत राजघराण्याला पिढ्यान्‌पिढ्या चुकवावी लागते, हे सांगणारा ग्रंथ आपल्याकडे आहे. टारझनपटात मेलेल्या हमालाचे नावदेखील कोणी विचारत नाही. फरक आहे तो हा.

आणि हे केवळ प्राचीन काळीच जमले असे नाही. १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून ‘जैत रे जैत’ काढला. ठाकर समाजातील नाग्या आणि चिंधी, लिंगोबाचा डोंगर, त्यावरची मधमाश्यांची पोळी आणि एका तरुणाचा देवाशी मांडलेला दावा. बाहेरचा कोणी गोरा किंवा शहरी तारणहार त्यात नाही. चिंधी नावडता नवरा सोडून आपल्या मनाचा माणूस निवडते. ती कोणाच्या सुटकेची वाट पाहत नाही. साहस म्हणाल तर कड्यावर दोरावर लोंबकळत मोहोळाला हात घालण्याहून मोठे साहस कोणते? संघर्षही आहे, माणूस आणि त्याची श्रद्धा यांच्यातला. मोहन आगाशे, स्मिता पाटील, महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी हा चित्रपट मराठी मनात कायमचा ठेवला. खोटे कान बांधलेला एकही हत्ती त्याला लागला नाही.

आता काय करावे?

विषयांची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. १८४८ साली ठाण्यात फासावर गेलेले महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे, १८५८ साली चंद्रपुरात फासावर गेलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके, १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना देह ठेवणारी गोंडवनाची राणी दुर्गावती; यांच्या जीवनात साहसाला, प्रेमाला, संघर्षाला कमतरता आहे काय? आणि वर्तमान हवे असेल तर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गाव आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाने सभा घेऊन, अभ्यासगट चालवून २००९ साली आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळवला. विचार करणारा वनवासी पाहायचा असेल, तर तो तिथे आहे. पडद्याने अजून त्याच्याकडे पाठ फिरवली आहे.

चित्रपटनिर्मात्यांना आमचे सांगणे एवढेच : रानात कॅमेरा नेण्याआधी रानातल्या माणसाला संहिता वाचून दाखवा, जमले तर त्यालाच लिहू द्या. त्याची भाषा ‘हुर्र हुर्र’ नाही. गोंडी, कोरकू, वारली, भिली यांना शब्दसंपत्ती आहे, त्यांत शृंगार आहे, विनोद आहे, शोक आहे. माडियांच्या गोटुलाकडे चाळवलेल्या नजरेने पाहू नका. ती तरुणांना समाजाची रीत शिकवणारी संस्था आहे.

आणि आपल्या कुटुंबांना सांगणे त्याहून सोपे आहे, म्हणूनच अधिक अवघड. टारझन पाहू नका, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांबरोबर बसून पाहा आणि मध्येच विचारा, ‘या रानात राहणारी माणसे कुठे गेली?’ येत्या स्नेहसंमेलनात पानांचे घागरे शिवण्यापूर्वी बाईंना नम्रपणे विचारा की, हे नृत्य कोणत्या जमातीचे? उत्तर मिळाले नाही, तर जवळच्या वनवासी वसतिगृहातील मुलांना सन्मानाने बोलावून त्यांचे नृत्य त्यांच्याच पावलांनी पाहा. काळा रंग फासलेल्या आपल्या मुलाकडे पाहताना समोरच्या रांगेत एखादा ठाकर किंवा गोंड मुलगा बसलेला असेल, तर त्याच्या मनात काय येईल, याचा एकदा विचार करा. त्याला ‘आपला’ म्हणायचे, आणि पडद्यावर व रंगमंचावर मात्र परक्याने काढलेले त्याचे व्यंगचित्र टाळ्या वाजवून पाहायचे, या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकत नाहीत.